गुलामगिरीच्या भरपाईसाठी समाजाने चालवलेली नोंदणी: नाव घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी मैत्रीण शिकागोजवळ राहते. ती कृष्णवर्णीय आहे, घराणं मूळचं मिसिसिपीचं. तिच्या चर्चमधली काही मंडळी रेपरेशन्ससाठी, म्हणजे गुलामगिरीच्या भरपाईसाठी, कुटुंबांची नोंदणी करत आहेत. केंद्र सरकारने तर अशी कुठलीच भरपाई जाहीर केलेली नाही. मग या यादीचा उपयोग काय? तिच्याकडे आजीच्या आधीचा एकही कागद नाही. तिने नाव घालावं का, की हा फसवणुकीचा प्रकार आहे?"

नाव घालावं. मात्र नोंदणी कोण करतंय, काय मागतंय आणि कागद कुठे ठेवतंय हे पाहूनच. दक्षिणेकडच्या काउंटी (जिल्हा) कोर्टांची जुनी दफ्तरं चाळून कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वंशावळी लावून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि अशा नोंदणीच्या टेबलांवर मी स्वतः बसतेही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे मिळणार की नाहीत हे या यादीवर ठरत नाही, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा. पण ज्या दिवशी एखादं राज्य, शहर, विद्यापीठ किंवा चर्च "वारस कोण ते दाखवा" म्हणेल, त्या दिवशी कागद शोधायला बसलं तर उशीर झालेला असतो. हे याआधी घडलेलं आहे, त्याकडे पुढे येते.

दुसऱ्या महायुद्धात छावण्यांमध्ये डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले. सुमारे ८२,००० लोकांना. तिथे माणसं शोधणं तुलनेने सोपं होतं, कारण छावण्यांच्या नोंदी सरकारनेच ठेवल्या होत्या: नाव, कुटुंब, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. आणि कायद्याने पैसे हयात माणसांना द्यायचे होते. गुलामगिरीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. ज्यांनी सोसलं त्यांच्यातलं आज कोणी नाही आणि सरकारच्या जनगणनेत त्यांची नावंच नाहीत.

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मैत्रिणीला त्यातलं एखादं पान जरूर दाखवा, इंटरनेटवर सहज मिळतं. मालकाचं नाव लिहिलेलं असतं आणि त्याच्यापुढे एकाखाली एक ओळी: वय ३५, स्त्री, काळी. वय १२, पुरुष, मिश्र रंग. वय ४, स्त्री, काळी. गुलाम पळून गेला आहे का, याला रकाना आहे. आंधळा, बहिरा, वेडा आहे का, यालाही आहे. त्याच्या नावाला रकाना नाही. सुमारे चाळीस लाख माणसं स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अशी बिननावाची उभी होती. त्यांची नावानिशी पहिली जनगणना झाली ती १८७० ची. आमच्या कामात १८७० ला भिंत म्हणतात, कारण बहुतेक कुटुंबांचा शोध तिथे येऊन थांबतो. त्यात १८९० च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेले. गुलामगिरीत जन्मलेल्यांची मुलं लग्नं करून वेगळी होत होती, गाव बदलत होती, नेमक्या त्याच काळावर वीस वर्षांचं भगदाड आहे.

तरीही भिंतीपलीकडे जाता येतं. पुष्कळदा आडनावावरून मालक शोधायला जातात आणि तिथेच चूक होते. स्वतंत्र झालेल्या माणसाने शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं असेलच असं नाही. आधीच्या मालकाचं असेल, बापाचं असेल, स्वतः निवडलेलं असेल. म्हणून आम्ही १८७० च्या पानावर शेजार बघतो. त्या कुटुंबाच्या आसपास जमीन असलेली गोरी कुटुंबं कोणती, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या नावाखाली १८६० च्या तक्त्यात त्याच वयाची माणसं होती? मग त्या मालकाच्या मृत्यूनंतर कोर्टात दाखल झालेली मालमत्तेची यादी काढायची. पलंग, नांगर, गाढवं, कापसाच्या गासड्या, आणि त्याच यादीत माणसं. इथे मात्र नावं असतात, कारण किंमत लावायची असते. एखादीच्या नावापुढे "आणि तिचं मूल" असं लिहिलेलं असतं. वारसांमध्ये वाटणी झाली की आई एकाच्या वाट्याला आणि मूल दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलंही त्याच कागदावर दिसतं. हे कागद वाचताना घरच्या माणसांना त्रास होतो. मी ते कधीही एकटीने वाच म्हणून कोणाच्या हातात देत नाही.

याहून चांगला कागद म्हणजे फ्रीडमन्स बँकेचा. ही बँक १८६५ मध्ये मुक्त झालेल्या लोकांच्या बचतीसाठी निघाली आणि १८७४ मध्ये बुडाली. सुमारे ६१,००० ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. तो अन्याय वेगळाच. पण खातं उघडताना भरून घेतलेले अर्ज उरले, आणि त्यांत जे विचारलं होतं ते सगळं एकत्र दुसरीकडे क्वचितच विचारलेलं दिसतं: जन्मगाव, जुन्या मालकाचं आणि मालकिणीचं नाव, मळा, आई, वडील, भाऊ, बहिणी, मुलं, सैन्यात असल्यास कुठली पलटण. या अर्जांत सुमारे ४,८०,००० नावं आहेत. त्यांची सूची युटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी स्वेच्छेने, अकरा वर्षं खपून तयार केली आणि ती २००१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. फ्रीडमन्स ब्युरोच्या, म्हणजे मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी काढलेल्या सरकारी खात्याच्या, दफ्तराचंही तसंच. २०१५ ते २०१६ या वर्षभरात पंचवीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी त्यातली सुमारे १८ लाख नावं सूचीत आणली. लोक एकत्र बसून नोंदी लावतात तेव्हा काय होऊ शकतं, याचं उदाहरण हवं असेल तर ते हेच.

आजीच्या आधीचा कागद नाही असं मैत्रीण म्हणते. असं मी जवळजवळ प्रत्येक टेबलावर ऐकते आणि बहुतेक वेळा घरात कागद असतो. एक बाई असंच म्हणत आल्या होत्या. पुढच्या वेळी त्यांनी बुटांचं खोकं आणलं. त्यात अंत्यसंस्काराच्या छापील पत्रिका होत्या. कृष्णवर्णीय घरांमध्ये या पत्रिका जपून ठेवायची रीत आहे. वर फोटो, आत मृत व्यक्तीचा जीवनक्रम, आईवडिलांची नावं, जन्मगाव, मागे राहिलेल्यांची यादी, शवपेटी उचलणाऱ्यांची नावं. त्यांच्या पणजीची १९६० च्या दशकातली पत्रिका निघाली आणि तिच्यावर मिसिसिपीतल्या अशा एका काउंटीचं नाव होतं, जे घरात हयात असलेल्या कोणीच ऐकलेलं नव्हतं. त्या काउंटीत १९०० च्या जनगणनेत पणजी लहान मुलगी म्हणून सापडली. तिचे वडील १८७० मध्ये लहान मुलगा म्हणून सापडले. आणि त्यांच्या वडिलांचा फ्रीडमन्स बँकेच्या व्हिक्सबर्ग शाखेतला अर्ज मिळाला. आईच्या रकान्यात नाव होतं, वडिलांच्या रकान्यात नावापुढे "व्हर्जिनियात विकले गेले" एवढंच. सहीच्या जागी फुली. त्या बाईंनी फुलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आता यादी समाजाच्याच ताब्यात का असावी, याबद्दल. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी कॅली हाऊस यांची गोष्ट माहीत हवी.

कॅली हाऊस टेनेसीत गुलामगिरीत जन्मल्या, १८६१ च्या सुमारास. विधवा, पदरात पाच मुलं, नॅशव्हिलमध्ये लोकांचे कपडे धुऊन घर चालवायच्या. १८९० च्या दशकाच्या अखेरीस आयझाया डिकरसन यांच्याबरोबर त्यांनी माजी गुलामांची एक संघटना उभी केली. मागणी साधी होती: अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांना सरकार निवृत्तिवेतन देतं, तसं आयुष्यभर फुकट राबलेल्यांनाही द्यावं. संघटनेच्या शाखा गावोगाव निघाल्या, लोक पंचवीस सेंट भरून सभासद झाले, अर्जांवर माजी गुलामांची नावं गोळा झाली. आजारपणाला आणि दफनाला शाखेतून मदत मिळायची. सभासदांचा आकडा काही लाखांपर्यंत गेला असं इतिहासकार मानतात. हा लोकांनी स्वतः केलेला, भरपाईच्या हक्काचा पहिला मोठा पट होता.

सरकारने त्याला काय उत्तर दिलं? १८९९ मध्ये टपाल खात्याने संघटनेच्या पत्रव्यवहारावर बंदी घातली. कारण असं दिलं की सरकार हे पैसे कधीच देणार नाही, तेव्हा त्यासाठी वर्गणी घेणं हीच फसवणूक. १९१५ मध्ये संघटनेच्या लोकांनी कोर्टात दावा लावला. यादवीच्या काळात आणि तिच्यानंतर कापसावर जमा केलेल्या कराचे ६ कोटी ८० लाखांहून जास्त डॉलर गुलामांच्या श्रमाचे आहेत, ते द्या म्हणून. सरकारवर सरकारच्या संमतीशिवाय दावा चालत नाही या मुद्द्यावर तो फेटाळला गेला. १९१७ मध्ये कॅली हाऊस यांना टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली, सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने दोषी ठरवलं. मिसुरीच्या तुरुंगात त्यांनी जवळजवळ वर्षभर काढलं. १९२८ मध्ये त्या गेल्या.

मैत्रिणीचा "ही फसवणूक तर नाही?" हा प्रश्न रास्तच आहे. पण तो कुठून आला, हेही तिला माहीत असू द्या. भरपाईसाठी नावं गोळा करणं म्हणजेच लबाडी, हा समज शंभर वर्षांपूर्वी सरकारी फायलींमध्ये तयार झाला. आणि संघटनेविषयीची कागदपत्रं आज आपल्याला मुख्यतः कुठे वाचायला मिळतात? निवृत्तिवेतन खात्याने तिच्यावर पाळत ठेवून केलेल्या चौकशीच्या दप्तरात. ज्यांची चळवळ होती त्यांच्या हातात तिचे कागद राहिले नाहीत. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आग्रह धरते की यादीची एक प्रत चर्चकडे, एक स्थानिक ग्रंथालयाकडे किंवा कृष्णवर्णीयांच्या एखाद्या संग्रहाकडे आणि एक कुटुंबाकडे हवीच.

दुसरा धडा अलीकडचा आहे. कृषी खात्याने कर्ज देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी भेदभाव केला म्हणून पिगफर्ड नावाचा खटला झाला आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. बहुतेकांना ५०,००० डॉलर मिळणार होते. पण १९८१ ते १९९६ या काळात आपण शेती करत होतो, कर्ज मागितलं होतं आणि तेव्हाच तक्रारही केली होती, हे दाखवायचं होतं. शिवाय आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या, पण चांगली वागणूक मिळालेल्या एका गोऱ्या शेतकऱ्याचं नाव द्यायचं होतं. अर्जाची मुदत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. साठ हजारांहून जास्त लोकांचे अर्ज उशिरा पोचले आणि त्यांतले फार थोडे स्वीकारले गेले. उरलेल्यांसाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पुन्हा कायदा करावा लागला आणि २०१० मध्ये सव्वाशे कोटी डॉलरची दुसरी तडजोड झाली. मधल्या काळात कितीतरी म्हातारे शेतकरी वारले. गावोगाव आधीपासून याद्या आणि जबान्या तयार असत्या, तर त्यातल्या पुष्कळांचे अर्ज मुदतीत गेले असते याबद्दल मला शंका नाही.

याच्या उलट उदाहरण शिकागोला लागूनच आहे: एव्हनस्टन. मैत्रिणीने ते जवळून बघावं. २०१९ मध्ये तिथल्या नगर परिषदेने, रॉबिन रू सिमन्स या सदस्येच्या पुढाकाराने, गांजावरच्या करातून १ कोटी डॉलर भरपाईसाठी ठेवायचं ठरवलं. १९१९ ते १९६९ या काळात एव्हनस्टनमध्ये राहिलेल्या प्रौढ कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर. ही वर्षं हवेतून आलेली नाहीत. कृष्णवर्णीयांना शहराच्या एका भागात कसं कोंडलं, बँकांनी कर्जं कशी नाकारली, याचा दस्तऐवज शोरफ्रंट नावाच्या स्थानिक संग्रहाने आधीच जमवलेला होता. डिनो रॉबिन्सन यांनी तो १९९० च्या दशकापासून उभा केला आहे. परिषदेसाठी जो अहवाल तयार झाला त्याच्या लेखकांत तेही होते. २०२२ च्या जानेवारीत सोडत काढून पहिल्या सोळा जणांची निवड झाली. पुढे रोख रकमेचा पर्यायही आला आणि २०२४ मध्ये या योजनेविरुद्ध कोर्टात दावाही लागला. घरासाठीच पैसे देण्यावर, रक्कम तोकडी असण्यावर समाजातूनच टीका झाली आणि त्यातली बरीच मला पटते. पण आधी संग्रह, मग अहवाल, मग पात्रता, मग पैसे, हा क्रम मला योग्य वाटतो.

जॉर्जटाउन विद्यापीठाचं प्रकरण तुम्ही कदाचित ऐकलं असेल. मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ मध्ये २७२ माणसं लुईझियानात विकली आणि त्या पैशातून विद्यापीठाचं कर्ज फेडलं. तिथे नावांची यादी होती, जहाजाची नोंद होती, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या होत्या. म्हणून २०१५ पासून काही वर्षांतच वंशज हजारोंनी सापडले. २०२१ मध्ये जेझुइटांनी १० कोटी डॉलर उभे करण्याचं वचन दिलं, तेही वंशज संघटित होऊन समोर बसले म्हणून.

यादीत कोण बसतं यावरून समाजात मोठे वाद आहेत. भरपाईचा विचार करायला नेमलेल्या कॅलिफोर्नियाच्या समितीने २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की पात्रता वंशावळीवर ठरेल: अमेरिकेत गुलाम असलेल्यांचे, किंवा एकोणिसावं शतक संपण्याआधी या देशात राहणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे वंशज. कॅरिबियन बेटांवरून किंवा आफ्रिकेतून नंतर आलेली कुटुंबं त्यात बसत नाहीत. २०२५ मध्ये त्या राज्याने गुलामगिरीच्या वंशजांसाठी एक सरकारी ब्युरो स्थापन करणारा कायदा केला आणि वंशावळीची पडताळणी हा त्याच्या कामाचा भाग आहे. माझं मत असं की नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याने हा वाद सोडवू नये. प्रत्येक कुटुंबाची रेषा जशी आहे तशी लिहावी: कोण, कुठला, कधी आला, पुरावा काय. पात्रतेचे नियम ठिकाणानुसार बदलणार आहेत. एव्हनस्टनला १८६० शी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना १९१९ हवं होतं. नीट लिहिलेली रेषा दोन्हीकडे चालते. डीएनए चाचणीचा अहवाल दुरावलेले नातेवाईक शोधायला उपयोगी पडतो, पण अमुक पूर्वज अमुक राज्यात गुलाम होता हे तो सांगत नाही. म्हणून कागदाऐवजी तो कोणी मागत असेल तर सावध राहावं.

आणि कागद नसेलच, तर? तोंडी साक्षीला काही किंमत आहे का, असं लोक निराश होऊन विचारतात. आहे, आणि खुद्द अमेरिकेच्या सरकारने ती मान्य केलेली आहे. यादवीत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांच्यातले जे गुलामगिरीतून आले होते त्यांच्या विधवांकडे लग्नाचा दाखला असणं शक्यच नव्हतं, गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हतं. तेव्हा १८६४ मध्ये काँग्रेसने कायदा करून मान्य केलं की ती दोघं नवराबायको म्हणून एकत्र राहत होती एवढं सिद्ध झालं तरी पुरे. मग शेजारी, त्याच मळ्यावर राबलेले सोबती, सुईण, पलटणीतले मित्र अशा सगळ्यांच्या शपथेवर जबान्या झाल्या. त्या फायली आज आमच्यासाठी सोन्याच्या खाणी आहेत. तेव्हा घरातल्या सगळ्यात वृद्ध व्यक्तीची जबानी आजच, तारीख घालून, तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या. ऐकीव आहे की स्वतः पाहिलेलं, हे प्रत्येक गोष्टीपुढे वेगळं नोंदवा. पुढे तपासणारा हेच पहिल्यांदा बघतो.

आता फसवणुकीबद्दल. ती खरोखर होते. २००० च्या आसपास "गुलामगिरीचा कर परतावा" मिळवून देतो म्हणून दलालांनी हजारो लोकांकडून फी घेतली आणि खोटी विवरणपत्रं भरली. कर खात्याने त्यात चुकून ३ कोटींहून जास्त डॉलर वाटले आणि नंतर वसुलीला लागलं. त्याच सुमारास पत्रकं वाटून, भरपाईचा कायदा झाल्याचं खोटं सांगून, वृद्धांकडून सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) काढून घेतले गेले. म्हणून मैत्रिणीने टेबलावर एवढं बघावं: फी मागत असतील तर उठावं. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँकेचा तपशील मागत असतील तर उठावं. पुढे मिळणाऱ्या पैशातला हिस्सा किंवा मुखत्यारपत्र लिहून मागत असतील तर उठावं. मूळ कागद कोणालाही देऊ नये, फोटो द्यावा. हयात माणसांची माहिती आणि मृत पूर्वजांची माहिती वेगवेगळी ठेवता का, आणि माझं नाव उद्या काढून घ्यायचं म्हटलं तर काढाल का, हे विचारावं. प्रामाणिक मंडळी याचं उत्तर चटकन देतात, कारण त्यांनी त्याचा विचार केलेला असतो. रक्कम किती मिळेल याचा आकडा सांगणाऱ्याकडे तर जाऊच नये.

चर्चची मंडळी या कसोटीला उतरली तर तिने तीन गोष्टी घेऊन जावं: घरात सापडतील तेवढ्या अंत्यसंस्काराच्या पत्रिका, घरच्या बायबलची नावं लिहिलेली पानं असतील तर त्यांचे फोटो, आणि मिसिसिपीतून शिकागोला कोण, कधी, कोणाच्या आधाराने आलं याची घरात चालत आलेली हकीकत. १९५० च्या जनगणनेची पानं २०२२ पासून सर्वांना मोफत बघता येतात. आजीचं नाव त्यात शोधावं, मग १९४०, १९३०, असं एकेक दशक मागे जावं. मधलं दशक गाळू नये, नावं सारखी असल्याने भलत्याच कुटुंबावर जाऊन पोचतो. काउंटीचं नाव कळलं की मला कळवा. तिथून १८७० च्या पानापर्यंत आणि जमलं तर व्हिक्सबर्गच्या बँकेच्या अर्जांपर्यंत शोध घ्यायला मी तिच्याबरोबर बसेन.